पारंपरिक नसलेले मच्छिंद्रकाका

मच्छिंद्रकाका साळवे जिवंत आहेत. त्रेसष्ट वर्षांचे आहेत, रोज सकाळी नऊला दुकान उघडतात, चहात साखर दोन चमचे जास्त घेतात आणि काकूंनी पकडलं की एकच घेतली म्हणतात. हे आधीच लिहून टाकते, कारण मागच्या वर्षी मी साठेक हजार लोकांना ते नाहीतच असं सांगून बसले होते. म्हणजे ‘नाहीत’ असं नाही लिहिलं मी. ‘पारंपरिक’ लिहिलं. पण झालं तेच.

आमचा एक बँड आहे. नाव ‘ढेकूळ’. बँड म्हणजे मी आणि प्रशांत, दोघं संगमनेरलाच टीवायला आहोत. मी गिटार वाजवते आणि गाते, प्रशांत लॅपटॉप वाजवतो. आम्ही इंडी फोक करतो. इंडी फोक म्हणजे काय, असं पप्पांनी विचारलं तेव्हा मी अर्धा तास बोलले. सगळं ऐकून पप्पा म्हणाले, "म्हणजे गावाकडचं गाणं झोपेत म्हणायचं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग आमची जुनी रेकॉर्डिंग ऐकली आणि बोलायला लागले.

अडचण एकच होती. आम्हाला गावाकडचं एकही गाणं येत नव्हतं. मी बसस्टँडच्या मागे फ्लॅटमध्ये वाढलेली. माझी माती म्हणजे बाल्कनीतल्या चार कुंड्या, त्यातल्या दोन प्लॅस्टिकच्या झाडांच्या. पण इन्स्टावर आमच्या बँडखाली मी लिहिलेलं, ‘मातीतून आलेलं संगीत’.

तर सोसायटीची टाकीवर पाणी चढवायची मोटार जळली. पप्पा चेअरमन, म्हणून मोटार अ‍ॅक्टिव्हावर पायाशी ठेवून तळेगाव रोडला न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे पत्र्याचं दुकान. ‘साळवे मोटार रिवाइंडिंग’ आणि खाली बारीक अक्षरात ‘बँजो पार्टी, लग्न-वाढदिवस-मिरवणुकीच्या ऑर्डरी घेतल्या जातील’. आत आकाशी सफारीतला एक माणूस जळकी तांब्याची तार उपसत बसलेला. ते मच्छिंद्रकाका.

बँजो म्हणजे परदेशातला तो गोल नाही हां. आपला. लांबट लाकडी पेटी, वरून तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. वरातीत टेम्पोवर कर्णे बांधून जो वाजतो तो. मी लहानपणापासून ज्याच्या आवाजाने खिडकी बंद करत आले तो.

काकांनी मोटारीत नवी तार भरली, वार्निश लावून उन्हात ठेवली आणि म्हणाले, "वाळंस्तवर बस." मग बँजो मांडीवर घेतला, वायर मशीनमध्ये, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, खुपसली आणि एक असं काहीतरी वाजवलं की मी स्टुलावरून उठलेच. सिनेमाचं गाणं नव्हतं. शब्दच नव्हते त्याला. धावत यायचं, मधेच खड्डा चुकवल्यासारखं उडी मारायचं आणि पुन्हा धावायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत बसच्या हॉर्ननेही पाणी येतं, पण हे वेगळं होतं. मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"काका, हे काय होतं?"

"सलामी."

"म्हणजे?"

"कुटंबी वाजवाया गेलो की पैली ही. गानी मागनं. लोकांला लांबनंच कळतं, साळव्याची पार्टी आली."

हे वाक्य माझ्याकडे अजून आहे. ‘साळव्याची पार्टी आली.’ अगदी स्पष्ट. पुढे व्हिडिओत मी ते घेतलं नाही, कारण मागून ट्रक गेला होता.

मग मी खूप प्रश्न विचारले. लाकूड कुठलं, तारा कुठल्या, आत ही गुंडाळी कसली. गुंडाळी म्हणजे पिकअप, तारेचा आवाज मशीनपर्यंत नेणारा. तो त्यांनी स्वतः बनवलेला, एकोणनव्वद साली. "पैली मोटारीचीच तार गुंडाळली," ते म्हणाले. "जाड पडली. आवाजच यीना. मग भंगारात जुना फोन गावला, त्याच्या घंटीची तार काडली. केसावानी बारीक. बारा येळा तुटली." परदेशातली पोरं असे पिकअप हाताने गुंडाळतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात, ते मी तासन्‌तास बघते. तळेगाव रोडला ते माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधीच होऊन गेलेलं. आणि मी कॉलेजभर सांगत होते की नगर जिल्ह्यात इलेक्ट्रिक फोक पहिल्यांदा आम्ही करतोय.

एवढं सगळं विचारलं. ही सलामी बसवली कुणी, एवढंच नाही विचारलं. माझ्या डोक्यात लोकधून कुणी बसवतच नाही. ती बांधावर उगवते.

पुढच्या रविवारी शूटिंग. प्रशांतने कॅमेरा आणला आणि मी कॉलेजच्या नाटकातलं धोतर आणि फेटा.

"मी धोतर आज्याच्या अंगावर बघितलंय," काका म्हणाले. "नेसलो न्हाई कदी."

"काका, प्लीज. फील येतो."

माझं मन मोडू नये म्हणून ते धोतर पँटवरूनच नेसले. मग मी म्हटलं, वायर काढूया, जरा नॅचरल वाटेल.

"वायर काडल्यावर वाजंल काय?"

"वाजेल ना काका, हळू."

"हळू वाजवायचं तर टेम्पो कशाला केला मग आमी?"

पण काढली. दुकानामागच्या लिंबाखाली, वायरीशिवाय, फेटा बांधून बसलेले काका. बिनविजेचा बँजो डब्यात पाल अडकल्यासारखा वाजत होता. मग घरी आल्यावर प्रशांतने त्यावर माझी इलेक्ट्रिक गिटार टाकली, दरीतून आल्यासारखा घुमारा टाकला. म्हणजे काकांची वीज मी काढून घेतली आणि तिच्या जागी माझी घातली, आणि याला आम्ही ‘मूळ स्वरूप’ म्हणत होतो.

व्हिडिओच्या सुरुवातीला आठ सेकंद जुन्या पोथीसारख्या अक्षरात, ‘पारंपरिक लोकधून’. खाली माहितीत मी लिहिलं, ‘यादवकाळापासून चालत आलेली, आज विस्मृतीत गेलेली धून. यात एक सूर जाणूनबुजून वगळला आहे. हेच तिच्या प्राचीनतेचं लक्षण.’ यादव कुठून आले विचारू नका. दहावीत तो धडा मला चांगला आला होता, एवढंच कारण.

तीन आठवड्यांत एकसष्ट हजार लोकांनी बघितला. आमच्या आधीच्या व्हिडिओला चारशे होते आणि त्यातही आत्या सारखी सारखी बघायची. पुण्याच्या एका कार्यक्रमवाल्यांचा मेसेज आला, डिसेंबरमध्ये वाजवायला या, तुमच्या संगीताला मातीचा वास आहे. मी कँटीनमध्ये टेबलावर चढले आणि मॅडमनी उतरवलं. व्हिडिओ मी सगळ्यांना पाठवला. काकांना समोरासमोर दाखवू म्हणून तेवढा राहिला.

मग एका गुरुवारी फोन.

"दिशा का? मी भागिरथी. मोटारवाल्या काकाची मंडळी."

"हां काकू, बोला ना."

"दोन दिस झालं दुकान बंद हाय. जेवत्यात, झोपत्यात, बोलत मातर न्हाईत. घरात शांतता हाय म्हून मी बी काय म्हनलं न्हाई. पर गिऱ्हाईक माज्या नावानं वरडाया लागलं. तू काय लिवलंस ते यिऊन बघ बाई."

गेले. काका खाटेवर बसलेले, त्यांनी न बोलता मोबाईल पुढे केला. जिल्ह्यातल्या बँजोवाल्यांचा ग्रुप. त्यात माझा व्हिडिओ आणि खाली अजिनाथ नेवासेकर नावाच्या माणसाने लिहिलेलं, ‘अखेर सत्य बाहेर आले. सलामी कुणाच्या बापाची नाही.’ त्यावर सत्तावीस अंगठे.

"हा कोण?" मी विचारलं.

अजिनाथ हा एके काळी काकांच्याच पार्टीत ढोलकीला होता. चौऱ्याण्णव साली भांडून गेला, नेवाशात स्वतःची पार्टी काढली आणि जाताना सलामी घेऊन गेला. तेव्हापासून काका म्हणतात माझी आणि तो म्हणतो ती सगळ्यांचीच, जुनी.

"तीस वरीस झालं," काका म्हणाले. "दोगांकडं बी कागद न्हवता. म्हून मी गप बसलो व्हतो. आता त्याच्याकडं कागद हाय. शिकलेल्या पोरीनं लिवलेला."

मी काय करावं? मी वाद घातला. खरंच. "पण काका, तो एक सूर वगळलाय ना, तसं जुन्या चालींमध्येच असतं..."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि काकूंना म्हणाले, "वरचा बँजो काड गं."

काकूंनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला एक बँजो काढला. बटणांच्या रांगेत मधोमध एक भोक. पडलेल्या दातासारखं.

"ह्या बटनाची स्प्रिंग तुटली, ऐन लग्नसराईत. बटन खालीच बसायचं आन त्याच्यापल्याडचे सगळे सूर मुके. मंग उपटूनच टाकलं. नवीन मिळंना. आता एक सूर न्हाई म्हनल्यावर गान्यात ठेच लागनार. म्हून ही सलामी बसवली, त्या भोकाला वळसा घालून. येक्यान्नव साल."

काकू म्हणाल्या, "आन ते यादव कोन गं? त्यांची बी मोटार जळाली व्हती का?"

मी तिथेच खाटेवर बसून माहिती बदलली. यादव काढले, काकांचं नाव घातलं, दोन मिनिटांत. संध्याकाळी अजिनाथचा मेसेज, ‘दबाव टाकून खालचे बदलले. वरचे बघा.’ वर म्हणजे ती आठ सेकंदं.

"ते अक्षर जाईल का?" काकांनी फोनवर विचारलं.

"ते व्हिडिओतच आहे काका. ते काढायचं तर अख्खा व्हिडिओ काढून परत टाकावा लागेल."

"मग?"

"मग ते एकसष्ट हजार जातात. पुण्याचा कार्यक्रमही त्यावरच..."

"बरं," काका म्हणाले. "बघ तुजं."

‘बघ तुजं’ म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. प्रशांत म्हणाला, डिसेंबर होऊ दे, मग काढू. आणि मी, जी कॉलेजात कुणाच्याही अन्यायाविरुद्ध तीन मिनिटांत पोस्टर रंगवते, मी लगेच हो म्हटलं. चार दिवस रोज सकाळी आधी आकडा बघायचे, मग दात घासायचे.

पाचव्या दिवशी सहन होईना म्हणून माफीचा व्हिडिओ केला. गॅलरीत, न विंचरता, रडत. ‘कलाकाराचं ऋण’, ‘माझ्या पिढीचा अपराध’, असलं सगळं बोलले. टाकून झाल्यावर खूप हलकं वाटलं. दहा मिनिटांत काकूंचा फोन.

"व्हय गं, रडतीस कशापायी एवढी? कोन गेलं?"

"काकू, माफी मागितली मी काकांची."

"आमच्या ह्यांची व्हय? मला वाटलं दुसऱ्या कुनाची. नाव घेतलं न्हाईस ना."

परत बघितला. तीन मिनिटं बारा सेकंद. ‘मी’ किती वेळा आहे ते मोजता मोजता सोडून दिलं. मच्छिंद्र साळवे, एकदाही नाही.

रविवारी काकांनी जुन्या बँजोला नव्या तारा चढवल्या आणि म्हणाले, नेवाशाला जातो. मी म्हटलं मी पण येते. "तू कशाला? तिथं बी रडशील," म्हणाले, पण एसटीत शेजारी जागा धरली. लोणी, श्रीरामपूर करत नेवासा. तीन तास बँजो आमच्या दोघांच्या मांडीवर. श्रीरामपूरला काकांनी भेळ घेतली आणि अर्धी माझ्याकडे सरकवली. मला ती गिळताच येईना. म्हणजे खाल्ली मी सगळी, पण गिळताना वाईट वाटत होतं.

अजिनाथकाकांचं आता मंडपाचं गोडाऊन आहे. खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये ते बनियनवर बसलेले, काकांपेक्षा जाड, मिशा काळ्या कुळकुळीत.

"या, या, यादव महाराज," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "हीच का ती रडनारी?"

"हीच," काका म्हणाले.

"काय गं, पारंपरिक लिवलंस ते खोटं व्हय?"

मी तोंड उघडलं तर काकांनी हात आडवा केला आणि गोणपाट सोडलं. बँजो अजिनाथकाकांच्या मांडीवर ठेवला, नखी हातात दिली.

"सलामी वाजव."

"मी? ढोलकीवाला मानूस मी."

"तीस वरीस माजी सलामी वाजवतूस, लोकं सांगत्यात. वाजव की."

अजिनाथकाकांनी नखी धरली आणि वाजवली. चांगली वाजवली, खोटं कशाला बोलू. मी फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं धावत यायची, भोकापाशी यायची आणि त्याच्यावरून उडी मारून पुढे जायची. एकदाही अडकली नाहीत. पूर्ण सलामी त्या पडलेल्या दाताच्या बँजोवर सरळ वाजली, एका जागीही ठेच नाही.

"आता मला सांग," काका म्हणाले, "सगळ्यांची जुनी चाल हाय तर ती ह्याच भोकाला वळसा का घालती?"

अजिनाथकाका भोकात बोट घालून बसले. मग म्हणाले, "हे बटन कुनामुळं मोडलं, आठवतंय का तुला?"

"तुज्यामुळं. टेम्पोत बसला व्हतास ह्याच्यावर."

"मंग झालं तर. मी बसलो नसतो तर तुजी चाल झाली असती का?"

"म्हंजी माजी हाय म्हन की."

अजिनाथकाकांनी नखी खाली ठेवली. "तुजी न्हाई असं मनातनं कदी म्हनलो मी? पर तू म्हनलास ढोलकीवाल्याला चालीतलं काय कळतं. भर मांडवात. वऱ्हाडापुढं."

काका एकदम खुर्च्या बघायला लागले. "म्हनलो असन," ते हळूच म्हणाले.

"असन न्हाई. म्हनलास."

"म्हनलो."

मला अर्थातच रडू आलं. अजिनाथकाका माझ्याकडे वळले. "आता हिचं काय? आमचं मिटंल, पर साठ हजार लोकांत मच्छिंद्र न्हाईच. तिथं आजून पारंपरिकच हाय."

मी मोबाईल काढला. त्या दोघांसमोर, खुर्च्यांच्या गोडाऊनमध्ये. एकसष्ट हजार चारशे बारा. ‘कायमचा काढून टाकायचा का?’ असं तो विचारतो, आणि मी खरं तेच सांगणार आहे, माझा अंगठा थांबला. पुण्याचं स्टेज दिसलं, दिवे दिसले, मी दिसले. काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते बँजोच्या तारा पुसत होते, मी काढेन की नाही हे बघायचंच नाही असं ठरवल्यासारखे. मग मी दाबलं. एका सेकंदात आकडा गेला. काही आवाजही होत नाही.

पुण्याचा कार्यक्रम गेला. मी त्यांना सगळं खरं कळवलं, आणि नवा व्हिडिओही पाठवला. त्यांचं उत्तर आलं, नव्यात पहिल्यासारखा मातीचा वास नाही, थोडं जास्त इलेक्ट्रिक वाटतं. प्रशांत आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

नवा व्हिडिओ काकांच्या दुकानात झाला. अटी त्यांच्या. सफारी, वायर, मशीन, इको फुल, पत्रा थरथरतो तेवढा आवाज. माझी गिटार मागे, आणि ती पण "बारीक ठेव" म्हणाले. ढोलकीला अजिनाथकाका, नेवाशाहून आले, आल्या आल्या म्हणाले, "माज्या ढोलकीमागं तुजा बँजो पळतो का बघू." मधे ट्रक गेला. ठेवला.

शेवटी नाव टाकायचं होतं. मी लॅपटॉप पुढे ओढला तर काका म्हणाले, "मला दे." चष्मा लावला. एका बोटाने सुरुवात केली. ‘म’ सापडला. पुढचं जोडाक्षर कसं करायचं ते विचारलं, मी सांगितलं, चुकलं, खोडलं, पुन्हा सुरू. माझे दोन्ही हात शिवशिवत होते. मी ते मांड्यांखाली दाबून बसले. काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सात मिनिटं लागली.

‘सलामी. बसवणार मच्छिंद्र गहिनीनाथ साळवे, तळेगाव रोड, संगमनेर.’ खाली त्यांनी मोबाईल नंबर टाकला आणि ‘ऑर्डरी घेतल्या जातील’. मागून अजिनाथकाका म्हणाले, "बटन मोडनार अजिनाथ, लिव."

"जागा न्हाई," काका म्हणाले, आणि ते पण टाइप करायला लागले.